ऑइल काळं आहे, बरं मग?

जुन्या गाडीचा सौदा होताना एक विधी हमखास पार पडतो. बॉनेट उघडलं जातं. घेणारा, किंवा ‘त्याला गाड्यांतलं कळतं’ म्हणून सोबत आणलेला मेहुणा, डिपस्टिक उपसतो, टोकाचं ऑइल अंगठा आणि तर्जनीत चोळतो, नाकाशी नेतो आणि काहीही न बोलता मान हलवतो. ऑइल सोनेरी असेल तर गाडी ‘मेंटेन्ड’. काळं असेल तर किमतीतून पाच-दहा हजार खाली. हा विधी विकणाऱ्यालाही तोंडपाठ असतो, म्हणून तो आदल्या दिवशीच ऑइल बदलून ठेवतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात रीबोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग अशा पाट्या भिंतीला भिंत लावून दिसतात. उसाच्या ट्रॅक्टरपासून वडापच्या जीपपर्यंत थकलेली इंजिनं इथं उघडली जातात. आयुष्यभर इंजिनं बांधत आलेले एक मिस्त्री हा विधी ऐकून हसले. ‘इकायच्या दिवशी ऑइल बघून काय कळतंय सायेब? ते ऑइल इंजिनात आलंय कवा? काल. कालच्या पावण्याला घरातली भांडणं काय म्हाईत?’

त्यांचं म्हणणं गाडी घेणाऱ्यानं नीट ऐकण्यासारखं आहे. सौद्याच्या दिवशीचं ऑइल फार थोडं सांगतं. गाडी नावावर झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये तेच ऑइल आणि त्याच्यामागून आलेलं नवं ऑइल बरंच काही सांगू लागतं. पण तोवर आपण सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टिमच्या मागे लागलेलो असतो. आरटीओत २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून मालकी बदलते. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरांनाही नोंदणी आणि कागदपत्रांची वेगळी चौकट लागू झाली. या साऱ्या कागदांत चासी नंबर असतो, इंजिन नंबर असतो, कर्जाचा बोजा असतो. त्या इंजिनाच्या आत काय आहे, हे मात्र एकाही रकान्यात लिहावं लागत नाही.

आधी रंगाचा निकाल लावू, कारण सगळ्यांची नजर तिथंच अडकते.

डिझेल जळताना काजळी होते आणि तिचा थोडा भाग पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरतो. (चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ती टाकी. पुस्तकात तिला संप म्हणतात. गॅरेजात कुणी म्हणत नाही.) ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट अशी दोन प्रकारची द्रव्यं मिसळलेली असतात. पहिलं धातूवर बसलेली घाण सोडवतं आणि आम्ल मारतं, दुसरं काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता ऑइलमध्ये तरंगत ठेवतं. म्हणजे डिझेल गाडीत नवं ऑइल शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळं पडलं, तर ते आपलं काम करतंय. उलट सात-आठ हजार किलोमीटर चाललेलं म्हणून दाखवलेलं डिझेलचं ऑइल पारदर्शक दिसत असेल, तर विकणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारावेत.

पेट्रोलमध्ये हा प्रवास सावकाश होतो: सोनेरी, मग तपकिरी, मग गडद. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या नव्या टर्बो इंजिनांत काजळी जास्त होते, त्यामुळं तिथं ऑइल लवकर गडद होतं आणि त्यात वावगं काही नाही.

खरी फसगत सीएनजीची. गॅस जवळपास काजळीविना जळतो, म्हणून सीएनजी गाडीचं ऑइल किती तरी दिवस छान दिसतं. पण ज्वलनातल्या उष्णतेनं तयार झालेले नायट्रोजनचे ऑक्साइड ऑइलशी अभिक्रिया करत राहतात, ऑइल हळूहळू घट्ट आणि आम्लधर्मी होत जातं आणि आम्ल मारणारी द्रव्यं संपत येतात. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. मुंबई-पुण्यात टूरिस्ट परमिटवर धावून नंतर पांढऱ्या पाटीवर आलेल्या सीएनजी वॅगन आर आणि अर्टिगा बाजारात भरपूर आहेत. त्यांतल्या एखादीची डिपस्टिकची पट्टी सोनेरी निघाली म्हणून खूश होणं बरोबर नाही. तिथं आरसीवरचा पूर्वीचा वर्ग आणि सर्व्हिसची बिलं बघावीत.

बिलांचंही एक आहे. किलोमीटरचा आकडा निम्मंच सांगतो. सकाळ-संध्याकाळ सिंहगड रोडच्या किंवा घोडबंदर रोडच्या कोंडीत उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन चालू असतं, ऑइल फिरत असतं, तापत असतं. फक्त मीटर पुढं जात नाही. म्हणूनच बहुतेक कंपन्यांच्या मालक-पुस्तिकांत ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता असतो. छोट्या फेऱ्या, धूळ, तासन्‌तास आयडलिंग, ओझं ओढणं या साऱ्यांना तिथं ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं, कित्येकदा नेहमीच्या निम्म्या अंतरावर. तो तक्ता वाचला तर महाराष्ट्रातल्या शहरांत चालणाऱ्या जवळजवळ सगळ्या गाड्या त्यात बसतात. हे पान वाचणारा मालक माझ्या पाहण्यात विरळाच आहे. मीटर मागे फिरवलेला असेल तर मग विचारायलाच नको.

रंगापेक्षा पातळीला महत्त्व द्यावं. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, पट्टी काढून स्वच्छ कापडानं पुसायची, पुन्हा तळापर्यंत घालायची आणि मग वाचायची. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवरचा ओघळ मोजण्यात अर्थ नाही. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं. छोट्या पेट्रोल गाडीच्या चेंबरमध्ये सगळं मिळून तीन-साडेतीन लिटर ऑइल मावतं. म्हणजे खालच्या खुणेला टेकलेली गाडी जवळजवळ एकतृतीयांश ऑइल गमावून बसलेली असते. राहिलेलं ऑइल तेवढंच काम कमी मात्रेत करतं, जास्त तापतं आणि लवकर म्हातारं होतं.

‘कमी झालं तर लाल दिवा लागेल की,’ असं अनेक जण म्हणतात. डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा दाब दाखवतो, पातळी नाही. पंपाला ओढायला ऑइलच उरलं नाही किंवा जाळी तुंबली की दाब पडतो आणि दिवा लागतो. तोवर बेअरिंगं कोरडी फिरू लागलेली असतात. चढावर किंवा वळणावर तो क्षणभर लुकलुकला, तरी गाडी तिथंच बंद करावी. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत रेटण्याचा हिशेब पुढं इंजिनाच्या बिलात लागतो. काही जर्मन गाड्यांत तर डिपस्टिकच नसते. पातळी पडद्यावर सेन्सर सांगतो. स्वस्तात मिळाली म्हणून अशी गाडी घेणाऱ्यानं तो मेनू कुठं आहे, हे पहिल्याच दिवशी शोधून ठेवावं.

पातळी कमी होणं वाईट, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती वाढणं अधिक वाईट असतं, हे फार थोड्यांना. इंजिन स्वतः ऑइल तयार करत नाही. पातळी चढली तर एक तर कुणी जास्त ओतलंय, किंवा त्यात पाणी उतरतंय, किंवा डिझेल.

डिझेलचा मुद्दा आता महत्त्वाचा झालाय. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकं लागू झाली आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर बसला. तो भरला की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून धुराचं तापमान वाढवते आणि साठलेली काजळी जाळते. याला रीजनरेशन म्हणतात. अनेक गाड्यांत हे जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा फवारलं जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत चेंबरमध्ये जातं. हायवेवर धावणाऱ्या गाडीत हे काम निवांत पुरं होतं. घर ते शाळा, शाळा ते भाजी मंडई अशा फेऱ्यांत ते अर्ध्यात तुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं आणि दर खेपेला ऑइल थोडं पातळ होतं. बीएस-६ च्या सुरुवातीच्या डिझेल गाड्या पहिल्या मालकाच्या हातून सुटून आता बाजारात येऊ लागल्यात. त्यांची पट्टी वरच्या खुणेच्या वर गेलेली दिसली आणि बोटाला डिझेलचा वास आला, तर ‘बघा, ऑइल भरपूर आहे’ या वाक्याला भुलू नये.

मिस्त्रींची खरी परीक्षा पट्टीवर नसते, झाकणावर असते. इंजिन गरम करून आयडलवर ठेवायचं आणि ऑइल भरायचं झाकण उघडायचं. थोडी वाफ, थोडी फुंकर प्रत्येक इंजिन मारतं. पण धुराचे ठोके येऊ लागले, उलटं ठेवलेलं झाकण उड्या मारू लागलं, तर ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’. म्हणजे रिंगा किंवा बोअर झिजलाय, ज्वलनाचे वायू खाली चेंबरमध्ये शिरतायत. नंतर टॉर्च लावून झाकणाच्या आत आणि दिसतात तेवढे कॅम बघायचे. धातूवर हलका तपकिरी लेप चालतो. बोटानं खरवडला जाईल असा काळा थर असेल, तर त्या इंजिनानं अनेक वर्षं वेळेवर ऑइल पाहिलेलं नाही. आदल्या दिवशी घातलेलं नवं ऑइल हा थर लपवू शकत नाही. मेहुण्याला न्यायचंच असेल तर बोटं चोळायला नको, टॉर्च धरायला न्यावा.

विक्रीआधी घट्ट ऑइल घालण्याची एक जुनी युक्ती आहे. पुस्तिकेत पातळ ग्रेड सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० किंवा धूर थांबवणारं चिकट द्रव्य ओतलं की टॅपेटचा आवाज दबतो, निळा धूर काही दिवस आटोक्यात राहतो. सौदा तेवढ्यात उरकतो. म्हणून सकाळी थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना ऐकावं. विकणाऱ्यानं ‘तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली’ असं सांगितलं, तर चहा घ्यावा, गप्पा माराव्यात आणि दुसऱ्या दिवशी न कळवता जावं.

पाण्याची गोष्ट या भागात वेगळ्यानं सांगायला लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पंचावन्न फुटांच्या वर मजल मारली. कोल्हापूर-सांगलीत गाड्या दिवसेंदिवस पाण्याखाली राहिल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची तीच गत झाली. त्याआधी २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. बुडालेल्या गाड्यांपैकी कित्येकींना विमा कंपन्या ‘टोटल लॉस’ ठरवतात, त्यांचा लिलाव होतो, त्या दुरुस्त होतात आणि पुन्हा विकल्या जातात. यात बेकायदा असं काही नाही. पण घेणाऱ्याला हे सांगितलं जातंच असं नाही आणि गाडी पुरापासून दोन-चार जिल्हे लांब विकली गेली की विचारणाराही कुणी नसतो.

ऑइलमध्ये पाणी मिसळलं की त्याचं लोण्यासारखं फिकट, फेसाळ मिश्रण होतं. हे मिश्रण पट्टीवर दिसलं तर गाडी चालू न करता टो करून न्यावी. फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला थोडं दिसलं, तर घाबरण्याआधी थोडा विचार करावा. आंबोली, महाबळेश्वर, कोकण अशा दमट हवेत पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापतच नाही, वाफ झाकणाखाली थिजते. झाकण पुसावं, तासभर हायवेवर न्यावी, पुन्हा बघावं. पांढरं परत आलं आणि सोबत कूलंटची पातळीही उतरत असेल, तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेलेला असू शकतो. पुरातल्या गाडीचं ऑइल तर केव्हाच बदललेलं असतं. तिथं वेगळी धास्ती असते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला, तर पिस्टन थबकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडासाच वाकला असेल तर गाडी चालतेही, महिनोन्‌महिने, आणि मग एके दिवशी तो रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. ‘ऑइल चकाचक हुतं की ओ,’ अशी कैफियत घेऊन आलेली अशी इंजिनं मिस्त्रींनी उघडली आहेत. साध्या विमा पॉलिसीत या नुकसानीचे पैसे सहसा मिळत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कवच घ्यावं लागतं.

कोणतं ऑइल, हा वादाचा विषय. मिस्त्री आणि कंपनीची पुस्तिका यांचं इथं जमत नाही, आणि मी पुस्तिकेच्या बाजूनं आहे. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. नंतरचा आकडा शंभर अंश सेल्सियसला ते किती दाट राहतं ते. ‘आपल्याकडं बर्फ पडतोय होय? आपल्या उन्हाला घट्टच पायजे,’ हे मिस्त्रींचं मत. पण कोल्हापुरातल्या सकाळच्या वीस अंशांतसुद्धा ऑइल कामाच्या तापमानापेक्षा कैक पटींनी दाट असतं, आणि इंजिनाची मोठी झीज सुरुवातीच्या त्याच काही क्षणांत होते. शिवाय आजच्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आणि टाइमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतात. त्यांच्या बारीक वाटांतून ठरलेल्या दाटपणाचं ऑइल ठरलेल्या वेळात पोहोचायला हवं. काही नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांना तर ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ लागतं. त्यांत वीस-पन्नास ओतणं म्हणजे इंजिनाशी वैर. मिस्त्रींचा अनुभव खोटा नाही. तो जुन्या, सैल झालेल्या इंजिनांचा आहे आणि तिथं तो लागूही पडतो.

डब्यावर आणखी दोन अक्षरं असतात आणि ती वाचायला हवीत. पेट्रोलसाठी एपीआय एसपी हा २०२० पासूनचा दर्जा, डिझेलसाठी सीके-४ हा २०१६ च्या अखेरीपासूनचा. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राख सोडणारं ऑइल लागतं; युरोपीय वर्गवारीत ते ‘सी’ गटात येतं. दाटपणा जुळला आणि हा दर्जा चुकला, तरी ऑइल चुकलंच. खुल्या ड्रममधून मापानं मिळणारं ऑइल ट्रॅक्टरवाल्यांच्या सवयीचं असेल. बीएस-६ गाडीत ते नको.

चुकीच्या किंवा शिळ्या ऑइलची शिक्षा कोणत्या इंजिनाला किती, याची यादी लांब आहे, पण दोन नावं घेतोच. पहिलं १.३ मल्टिजेट. फियाटचं हे डिझेल इंजिन पुण्याजवळ रांजणगावात आणि मारुतीसाठी मानेसरला बनलं. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं. मारुतीनं एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केलं, तरी महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात ते अजून जागोजाग भेटतं. चिवट इंजिन. पण त्याला टाइमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर जगतो. ऑइल कमी राहिलं किंवा गाळानं वाटा तुंबल्या की सकाळी पहिल्या सेल्फला चेनची खडखड ऐकू येते. दोन-तीन सेकंदांत ती थांबते आणि मालक तिची सवय करून घेतो. घेणाऱ्यानं ती सवय करून घेऊ नये.

दुसरं फोर्डचं १.० लिटर इकोबूस्ट, इकोस्पोर्टमध्ये आलेलं तीन सिलिंडरचं पेट्रोल. त्याच्या सुरुवातीच्या रूपात टाइमिंग बेल्ट चक्क ऑइलमध्ये भिजत फिरतो. ऑइल चुकलं किंवा फार जुनं झालं की बेल्टचं रबर झिजून त्याचे कण पंपाच्या जाळीवर जमतात आणि दाब पडतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत फोर्डनं याच घराण्यातलं इंजिन असलेल्या सुमारे १ लाख ४० हजार इकोस्पोर्ट आणि फोकस गाड्या ऑइल पंपाच्या बेल्टच्या टेन्शनरसाठी परत बोलावल्या. अमेरिकेत विकलेल्या इकोस्पोर्ट चेन्नईच्या कारखान्यातून जहाजानं गेलेल्या होत्या, हा त्यातला आपल्यासाठीचा धागा. फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवल्यावर या गाड्यांचा जुना भाव पडला आणि हौशी मंडळींनी त्या घेतल्या. अशी इकोस्पोर्ट इकोबूस्ट दारात असेल, तर ऑइलचा दर्जा आणि बेल्टचा इतिहास याबाबत उदार राहू नये.

ऑइलकडून कबुलीजबाब घेण्याची विद्या गाड्यांच्या कितीतरी आधी रेल्वेनं कमावली. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांद वेस्टर्न रेल्वेनं डिझेल इंजिनांच्या ऑइलचे नमुने प्रयोगशाळेत जाळून त्यांतले धातू मोजायला सुरुवात केली. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही अशा प्रयोगशाळा रुळल्या. लोखंड वाढलं तर लायनर झिजतोय, तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंग, ॲल्युमिनियम पिस्टनचं, क्रोमियम रिंगांचं. सोडियम दिसलं तर कूलंट झिरपतोय. सिलिकॉन दिसलं तर ती बाहेरची धूळ, म्हणजे एअर फिल्टरमध्ये खोट. इंजिन न उघडता हे सगळं कळतं. खासगी गाडीच्या मालकालाही पैसे भरून अशी तपासणी करून घेता येते. साध्या हॅचबॅकसाठी तो खर्च मला फारसा पटत नाही. महागडी डिझेल एसयूव्ही घेतली असेल तर जरूर पटतो.

घरच्या घरी एक स्वस्त प्रयोग आहे आणि तो मला फार आवडतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतो तो गोल फिल्टर पेपर, नाहीतर टीपकागद, वाटीच्या काठावर आडवा ठेवायचा. गरम इंजिनाच्या पट्टीवरून एक थेंब मध्यभागी सोडायचा आणि कागद रात्रभर कुणाचा हात लागणार नाही अशा जागी ठेवायचा. सकाळी डाग वाचायचा. मधून बाहेरपर्यंत एकसारखा करडा होत गेलेला डाग चांगला: काजळी आहे, पण ऑइल तिला वाहून नेतंय. मध्ये गडद, चकचकीत गोळा आणि त्याला ठसठशीत कडा असेल तर काजळी वाहून नेण्याची ताकद संपली. बाहेर फिकट पिवळं, रुंद कडं दिसलं तर इंधन मिसळलंय. कडा वेड्यावाकड्या, तुटक असतील तर पाण्याचा संशय घ्यायचा. हा प्रयोग आकडे देत नाही आणि सीएनजीच्या ऑइलबद्दल जवळजवळ मूक राहतो. पण डिझेल गाडीला दर महिन्याचा एक कागद तारीख घालून वहीत चिकटवला, तर पाच-सहा कागदांत इंजिनाची चाल दिसू लागते.

ऑइल बदलतानाचा अर्धा तास गॅरेजात उभं राहून घालवावा. चेंबरचा नट सुटल्यावर पहिली धार बघावी. पाणी असलं तर जड म्हणून तेच आधी येतं. जुना फिल्टर फेकू देऊ नये. मिस्त्रीकडून तो कापून घ्यावा, आतला घडीचा कागद उलगडून उन्हात धरावा. काळेपणा असणारच. चमचमणारे कण दिसले तर त्यावरून चुंबक फिरवावा: चिकटले तर लोखंड, न चिकटता पांढरे चमकले तर ॲल्युमिनियम, तांबूस चमकले तर बेअरिंगचा थर सुटू लागलाय. बोटावर जेमतेम जाणवणारी धातूची राख चालून जाते. दिसण्याजोगे पत्रे, तुकडे सापडले तर नवं ऑइल ओतायच्या आधी चेंबर उतरवून जाळी बघावी. हे काम त्याच दिवशी सांगावं, कारण ऑइल तसंही बाहेर आलेलं असतं.

फ्लशिंगचा मोह मात्र टाळावा. गाळ साचलेल्या जुन्या इंजिनात जोरकस फ्लश घातला की थर एकदम सुटतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. धुऊन काढायला गेलो आणि दाब गेला, अशी प्रकरणं उद्यमनगरात येतात. मिस्त्रींचं आणि माझं इथं एकमत आहे: योग्य दर्जाचं चांगलं ऑइल घालावं, हजार-दीड हजार किलोमीटरला फिल्टरसकट बदलावं, पुन्हा एकदा तेवढ्याच अंतरानं बदलावं, आणि मग पुस्तिकेच्या तक्त्यावर यावं. गाळ वर्षांनी साचलाय, तो महिन्यांनी सुटू द्यावा.

निघालेल्या ऑइलचं काय, हा प्रश्न गॅरेजात विचारला तर लोक चमकून बघतात. गावाकडं काळं ऑइल दाराच्या चौकटीला, मेढींना वाळवी लागू नये म्हणून फासतात. बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात. कायद्यानं ते घातक कचऱ्यात मोडतं आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकणारे नियम लागू झालेत. नीट शुद्ध केलं तर त्यातून पुन्हा वंगणाचं मूळ तेल मिळतं. डबा भरून घरी नेऊ नये आणि गटारात तर ओतूच नये, एवढं तरी मालकाच्या हातात आहे.

दुसऱ्यांदा ऑइल बदललं की मोजणी सुरू करावी. पट्टी वरच्या खुणेवर, मीटरचा आकडा वहीत, आणि दर रविवारी सकाळी थंड इंजिनावर एक नजर. हजार किलोमीटरनंतर वरच्या खुणेपर्यंत परत आणायला किती ऑइल लागलं, ते मापानं मोजावं. काही युरोपीय कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटर, कधी त्याहून जास्त खपही चालण्याजोगा मानतात; छोट्या जपानी पेट्रोल गाडीनं एवढं खाल्लं तर तिचा मालक हवालदिल होतो. एका आकड्यापेक्षा तो वाढतोय की स्थिर आहे, हे बघावं. वाढत असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावं आणि गळतीही. कधीकधी सगळा खेळ हेड कव्हरच्या पॅकिंगचा निघतो. स्थिर असेल तर घाई नको. रिंग-पिस्टनचं काम जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा घास घेतं. ‘अर्धा लिटर खातंय न्हवं? मग एक डबा डिकीत ठेवा आनि पळवा की चार वर्सं,’ असं मिस्त्री सांगतात, आणि स्वतःचं गिऱ्हाईक घालवणारा हा सल्ला जुन्या पेट्रोल गाड्यांना बहुतेक वेळा लागू पडतो. बीएस-६ डिझेलला मात्र नाही. तिथं जळालेल्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साठत जाते, रीजनरेशननं ती जळत नाही, आणि नवा डीपीएफ बसवायची वेळ आली तर रिंग-पिस्टनचं काम त्यापुढं स्वस्त वाटू शकतं.